रिकाम्या चौकटी

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक दूधडेअरी होती. तिच्या भिंतीवर गल्लीवार खिळे ठोकलेले होते, घरागणिक एक. दूध घातलं की आपल्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला आपल्या खिळ्याला अडकवायचा, अशी तिथली रीत. वैजयंता लहानपणी वडिलांबरोबर यायची आणि टाचा उंचावून बिल्ला अडकवायची. कोमट दुधाचा वास, किटल्यांचा खणखणाट, रांगेतल्या गप्पा! काय सकाळी होत्या त्या!

मोठी होऊन वैजयंता शहरात प्रोग्रामर झाली. डेअरीत कॉम्प्युटर आला, तेव्हा गावाने हक्काने तिलाच बोलावलं. नोंदी यंत्रात एका जागी साठतात. त्या डोळ्यांना कशा दिसाव्यात, हे स्क्रीन बांधणाऱ्याने ठरवायचं असतं. साधा तयार तक्ता हाताशी होताच. पण आपल्या गावाला तयार माल द्यायचा? तिचं मन घेईना. तिने खपून खास मांडणी रचली. सर्वांत जास्त दूध घालणारं घर सर्वांत वर आणि प्रत्येक नावापुढे हिरवीगार पट्टी. एकच गोष्ट तिला खटकत होती. ज्यांचं दूध आलं नाही, त्यांच्यापुढे शून्य येई आणि ती शून्यं खाली शेपटासारखी लोंबत. तिने शून्याच्या ओळी दाखवायच्याच नाहीत असं ठरवलं. स्क्रीन कशी देखणी झाली!

गाव खूश झालं. सेक्रेटरी भिकाजीअण्णांनी बिल्ले पोत्यात भरून माळ्यावर टाकले. खिळे मात्र भिंतीतच राहिले. ते उपटायचा कंटाळा, दुसरं काय!

पुढे एकदा श्रावणात वैजयंता गावी आली. सकाळीच डेअरीत जाऊन ती आपलीच स्क्रीन कौतुकाने न्याहाळत बसली. मग तिची नजर त्या उघड्या भिंतीकडे गेली आणि तिला भरून आलं. पूर्वी खिळा रिकामा दिसला की अण्णा ओरडायचे, "अरे, जगतापांकडचं कोणी आलं नाही! बघून या रे!" आणि कोणीतरी खरंच बघून यायचं.

"अण्णा, आज कोण आलं नाही?" तिने विचारलं.

"ते आता कसं कळायचं, पोरी? रांग भराभर सरकते, आणि स्क्रीनवर आलेलेच दिसतात की."

वैजयंताने परत स्क्रीनकडे पाहिलं. नोंदी सगळ्या होत्या. शून्यंही होती. तिनेच ती झाकली होती. तिथल्या तिथे बसून तिने मांडणी बदलली. आता घरं गल्लीवार दिसू लागली. प्रत्येक घराला एक चौकट. दूध आलं तर भरलेली, नाही तर रिकामी.

दोन चौकटी रिकाम्या निघाल्या.

"ही शिंद्यांची. त्यांची म्हैस आटलीय," अण्णा म्हणाले. "आणि ही द्वारकाबाईंची. काल आल्या होत्या का बघ."

कालचीही चौकट रिकामी होती.

द्वारकाबाई डोंगराच्या उतारावर एकट्या राहत. अण्णा आणि वैजयंता धावतच निघाले. म्हशीचं ओरडणं लांबूनच ऐकू आलं. गोठ्यात पाय घसरून द्वारकाबाई पडल्या होत्या. पाय मोडला होता, हाक मारायला आवाज उरला नव्हता. त्यांना पाणी पाजलं, जीपमधून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता, तर कठीण होतं.

दवाखान्यात जरा हुशारी आल्यावर द्वारकाबाईंनी वैजयंताचा हात धरला.

"कालपासून वाट बघत होते गं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, दूध आलं नाही हे डेअरीत कळेलच. कोणीतरी येईल."

 वैजयंता तो हात धरून नुसती रडत राहिली.

तात्पर्य: देखणेपणासाठी रिकामी जागा झाकू नये; ज्याला आपली गरज असते, तो माणूस बहुधा तिथेच असतो.