चिखलाचा शेवटचा गोळा

टक्, टक्, टक्. अजून डोळेही उघडले नव्हते, तेव्हा ऐकलेला हा आवाज एका जंगलातली धनेश पक्षीण कधीच विसरली नव्हती. मोठ्या वाकड्या चोचीची ही पाखरं, मुलांनो, घर मोठं अजब करतात. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून चिखलाने दार लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट ठेवते. आत तिची उडायची पिसंही झडतात. मग नर बाहेरून फळं आणून तिला भरवतो, आणि आला की खोडावर चोच वाजवतो. तोच हा आवाज.

लहानपणी तिने आईला विचारलं होतं, "आई, बाबा आलेच नाहीत तर?"

"आपण दार लिंपायचं. पुढचं देवाकडे."

"पण आपली भूक देवाला कळते कशी?"

"ते मला नाही ठाऊक, बाळा. कळते खरी."

हे उत्तर तिच्या गळी उतरलं नाही. म्हणून तिची स्वतःची पाळी आली, तेव्हा तिने दार लिंपलं खरं, पण चिखलाचा शेवटचा गोळा बाजूला ठेवला आणि चांगलं मोठं भोक तसंच सोडलं. "देवा," ती म्हणाली, "ऊन डोक्यावर यायच्या आत रोज उंबरं आली, तर हा गोळा लावीन. नाही आली, तर दार फोडून बाहेर येईन."

उंबरं रोज वेळेवर येत. ती खाई आणि म्हणे, उद्या आणखी एकदा बघू.

शेजारच्या फांदीवरच्या खारीला राहवलं नाही. "अगं बाई, एवढं भगदाड कशाला ठेवलंस?"

"देव वेळ पाळतो की नाही, ते बघायला."

"तो पाळतोय की! तूच बोललेलं पाळत नाहीस. उंबरं पोटात, गोळा अजून तिथंच!" खार फिसकन हसून पळाली.

आणि एके दिवशी ऊन डोक्यावर आलं, कललं, तरी नर आलाच नाही. खालच्या कपारीत एक घोरपड राहत असे. या भोकात तिचं तोंड गेलं असतं, पण खांदे अडले असते. ती आज खोडाशी येऊन गोड आवाजात म्हणाली, "आला नाही ना? देवानं तुझी अट मोडली, बाई. आता वाट कसली बघतेस? फोड दार, ये मोकळ्या हवेत."

पक्षिणीने दारावर चोच मारली. एक ढलपा गळून पडला. दुसऱ्यांदा चोच उचलली, तोच तिच्या मनात आलं, हिला माझी इतकी काळजी का बरं? तिने वाकून पाहिलं. घोरपडीची नजर तिच्याकडे नव्हतीच, अंड्यांच्या वासाने ती भोकाकडे लागली होती. पायाशी आपलीच पिसं पडलेली. उडून जाणार तरी कुठे?

खोडावर नखांची खरखर वर येऊ लागली.

"देवा," ती हळूच म्हणाली, "उंबरं पाठव, नाहीतर नको पाठवू. वेळ तुझी. मी तुझीच." वाळून खडा झालेला तो गोळा तिने लाळेने भिजवला आणि चोचीने भोक लिंपून टाकलं. चोचीपुरती फट तेवढी राहिली. घोरपडीने नाक खुपसून पाहिलं, नखांनी ओरबाडून पाहिलं. काही चालेना.

"उपाशी मरशील आत!" ती खाली उतरत फुत्कारली.

"मरेनही. ते त्याला ठाऊक."

उन्हं झाडांच्या शेंड्यांवर गेली. पक्षीण अंडी उबवत बसून राहिली.

टक्, टक्, टक्.

"अलीकडचं उंबर माकडांनी पार झोडपलं गं," नर धापा टाकत म्हणाला. "नदीपल्याड जावं लागलं. रागावलीस?"

दिवसभरात तिने कितीतरी प्रश्न जमवले होते. त्यांतला एकही तिला आता आठवेना. फटीतून चोच काढून तिने एवढंच विचारलं, "तू काही खाल्लंस का?"

खाली टपून बसलेल्या घोरपडीने ते ऐकलं. वरच्या त्या बारीक फटीकडे एकवार पाहिलं, आणि ती पाचोळ्यातून चालती झाली.

तात्पर्य : देवाला अट घालणारा अटीवरच डोळा ठेवून बसतो आणि त्याचं दार उघडंच राहतं. भरवसा ठेवायचा, तर शेवटच्या गोळ्यापर्यंत ठेवावा.