बुजवलेला सांडवा

माणसांनी गावं वसवायच्याही आधी एका डोंगरतळ्याच्या काठी प्राण्यांची पंचायत होती. गवा सरपंच होता. मोराच्या हट्टाखातर पंचायतीने सभेसाठी आणि नाचासाठी दगडी ओटा बांधायला घेतला. सोयीची जागा म्हणून तळ्याचं जादा पाणी वाहून जायचा सांडवाच दगडांनी भरला.

"सरपंच, ही वाट बुजली तर आमची घरटी बुडतील," काठच्या लव्हाळ्यात राहणारी पाणकोंबडी म्हणाली.

"बाई, चांगल्या कामात खोडा घालू नका. ठराव झालाय," गवा म्हणाला.

ओटा देखणा झाला. श्रावणात मात्र पाणी चढत चढत लव्हाळ्यातल्या अंड्यांना टेकलं. पाणकोंबडीने टाहो फोडला. सगळे जमले, पण घाम गाळून बांधलेला ओटा पाडा, असं म्हणायला कुणाची जीभ रेटेना. गवाही मान खाली घालून उभा राहिला.

तेवढ्यात मोर पुढे झाला आणि चोचीने दगड उकरू लागला. दगड हलेना. चोच रक्ताळली, तरी तो थांबेना.

"बाजूला हो, मोरा," गवा म्हणाला. "ठराव मी केला. तो मोडायचाही मीच."

त्याने शिंगं लावली. पहिला दगड निखळला, दुसरा गडगडला आणि पाणी गर्जत दरीत कोसळलं. लव्हाळी पुन्हा वर आली. अंडी शाबूत होती! सगळं रान आनंदाने ओरडू लागलं.

पुढची सभा गव्याने पाणकोंबडीच्या दारात, चिखलात उभं राहून घेतली आणि बोलायची पहिली पाळी तिला दिली.