गरगरणाऱ्या ट्राउटचं कौतुक

फार पूर्वी, डोंगरातल्या एका थंड नदीत ट्राउट माशांची वस्ती होती. तिथली पिल्लं एकाएकी स्वतःभोवती गरगरू लागली, तेव्हा म्हातारा पुढारी खूश होऊन म्हणाला, "वा! काय नाचतात आपली मुलं!"

दूरच्या सरोवरात शिकून आलेली चंदेरी कळवळली. तिचा धाकटा भाऊही गरगरत होता. "आजोबा, हा नाच नव्हे, रोग आहे. या गाळातला किडा अंगात शिरतोय. पिल्लांना वरच्या खडकाळ पाण्यात नेऊ या."

"चार बुकं शिकलीस म्हणून आम्हाला अक्कल शिकवतेस?" असं म्हणून त्याने नाचाची स्पर्धाच भरवली. पहिलं बक्षीस चंदेरीच्या भावाला मिळालं, पण ते घ्यायला तो जिवंत नव्हता.

उरलेली पिल्लं घेऊन चंदेरी वर निघून गेली. पुढच्या स्पर्धेत पुढारीच गरगरू लागला.

"वाचवा रे! मी नाचत नाहीये!"

"वा आजोबा! या वयात हा जोश!" म्हणत सगळ्यांनी कौतुकाने शेपट्या आपटल्या.