बिंझुरूचं नाक

"पण भन्ते, याचं नाक गेलं कुठे?"

नारा शहरातल्या त्या नावाजलेल्या, पुरातन मंदिराच्या दाराबाहेर बिंझुरूची लाकडी मूर्ती बसलेली आहे. तिच्यासमोर उभं राहून सुमेध खोब्रागडे विचारत होता. सुमेध नागपूरचा. जुन्या मूर्ती दुरुस्त करायची विद्या शिकायला जपानला आलेला. हातात कसब होतं, पण स्वतःच्या नाकावर माशी बसू देईल तर शपथ! कुणी सांगितलं नव्हतं, तरी मूर्तीसाठी नवं नाक कोरूनच तो आला होता.

पायरीवर बसलेल्या वृद्ध भिक्षू तोकुगेन यांनी ते नाक हातात घेतलं, लाकडाचा वास घेतला.

"सुरेख झालंय. हा बिंझुरू तुमच्याच मुलखातला, माहीत आहे ना? पिंडोल भारद्वाज. बुद्धांचा शिष्य."

"मग असा दाराबाहेर का?"

"लोकांना आपली करामत दाखवत सुटला. बुद्धांनी बाहेर बसवलं, असं सांगतात."

सुमेधने नाक गुपचूप खिशात घातलं.

तेवढ्यात एक आजीबाई आल्या. त्यांनी मूर्तीच्या गुडघ्यावर हात फिरवला, मग तोच हात आपल्या गुडघ्यावर फिरवला आणि वाकून निघून गेल्या. तिथली रीतच आहे ती. आपलं जे दुखतं, ते मूर्तीचं चोळायचं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी मूर्तीचे गुडघे गुळगुळीत झाले होते आणि चेहरा तर नाकासकट पार पुसला होता.

"अशानेच झिजते मूर्ती," सुमेध करवादला.

"तुझं काय दुखतं?"

"माझं? काही नाही."

तोकुगेननी मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"बाबांचं दुखणं आहे," सुमेध शेवटी म्हणाला. "विहारात वंदना म्हणायचे. आवाज असा, की अख्खी वस्ती जागी व्हायची. पक्षाघात झाला आणि वाचा गेली."

"तुझा फोन आला की काय करतात?"

"त्यांना बोलताच येत नाही, भन्ते. मी आईलाच करतो."

आई दर वेळी विनवायची, "त्याईच्या कानाला लावते रे. बोलता येत नाही, पण आयकू तं येते ना!" आणि दर वेळी सुमेधला नेमकं काहीतरी काम निघायचं. खरी गोष्ट अशी, की तो भ्यायला होता. त्या आवाजाच्या जागी नुसता श्वास ऐकायचा त्याला धीर नव्हता.

तोकुगेननी मूर्तीच्या गळ्याकडे बोट दाखवलं.

"माझा यावर विश्वास नाही."

"विश्वास कोण मागतंय? हात फिरव."

सुमेधने अवघडून हात लावला. लाकूड उन्हाने उबदार झालं होतं. लहानपणी तो बाबांच्या मांडीवर बसून त्यांच्या गळ्याला हात लावायचा आणि वंदनेचा आवाज तळव्याखाली थरथरायचा. ते आठवलं, आणि हात तिथून निघेना.

बऱ्याच वेळाने त्याने तो उचलला आणि तसाच हवेत धरून ठेवला.

"बाबा तिकडे नागपूरला... हा हात आता कुठे ठेवू?"

तोकुगेन उठले. त्यांनी सुमेधचं मनगट धरलं आणि तो हात त्याच्याच गळ्यावर ठेवला.

"भन्ते, वाचा बाबांची गेलीय."

"हो का?"

'हो' म्हणायला सुमेधने तोंड उघडलं...

आवाज फुटला नाही. तळव्याखाली नुसता आवंढा हलला. मग डोळे भरून आले, आणि इतका मोठा माणूस मूर्तीपुढे लेकरासारखा रडला. तोकुगेन त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. येणारेजाणारे बाजूने वाट काढत गेले.

डोळे पुसायला रुमाल काढताना खिशातून नाक आणि फोन दोन्ही हातात आले.

"मग हे...?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

तोकुगेननी नाक उचलून आपल्या बाहीत ठेवलं. फोन सुमेधच्या हातातच राहू दिला.

"नाक केव्हाच लोकांच्या घरी गेलं, बाळा. गळा तू घेऊन जा."