मावशी, तुम्ही कुठल्या बैलाच्या?

बैलांना अजून वेसण ठाऊक नव्हती, तेव्हाची गोष्ट. चिंचेखालच्या वारुळाच्या दारावर साळू मुंगी बसायची. येणाऱ्याच्या मिशांना मिशा लावून वास घ्यायची आणि आपलाच असेल तर आत सोडायची.

एकदा टेकडीपलीकडून एक लंगडी मुंगी आली. तोंडातलं अंडं खाली ठेवून ती म्हणाली, "मावशी, दोन बैल झुंजतायत. आमचं वारूळ तुडवलं."

"अरेरे," साळू हळहळली. "पण तू काळ्या बैलाच्या बाजूची की पांढऱ्या?"

"मी मुंगी आहे."

"मग आधी नीट अभ्यास करून ये," असं समजावून साळू आत वळली. टेकडी तशीही फार लांब होती.

झुंजणाऱ्या बैलांना ती लांब वाटली नाही. आठवड्याभरात साळू आपलं अंडं घेऊन आंब्याखालच्या वारुळाशी उभी होती. तिथल्या दारवान मुंगीने मिशा लावून पाहिल्या आणि फार आपुलकीने विचारलं, "मावशी, तुम्ही काळ्याच्या की पांढऱ्याच्या?"