ऐंशी पावसाळे, सात उन्हाळे

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक नीलगाय एकटीच राहत असे. दोन वर्षांपूर्वी मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तिचा कळप पाणी शोधायला निघाला आणि वाटेतच संपला. झऱ्यापर्यंत पोचली ती ही एकटी. तेव्हापासून ती सगळ्यांच्या मागून चरे आणि सगळे पिऊन गेल्यावर पाण्याला तोंड लावी. कुणी तिला वाईट वागवत नसे हो, पण "काय ताई, बरी आहेस ना?" असंही कुणी विचारत नसे.

त्या साली अक्षय्य तृतीयेला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, साऱ्या जंगलाचा अध्यक्ष निवडायचा होता. पाणवठा अध्यक्षाच्या ताब्यात; तो म्हणेल त्यानंच प्यायचं. शिकारी जनावरांनी आपला लांडगा केव्हाच पुढे केला होता. गवतपाला खाणाऱ्यांनी आपला एक उमेदवार त्याआधीच्या दसऱ्याला आपसांत निवडायचा, असं ठरलं. रीत सोपी : जो पसंत, त्याच्यापुढे आपट्याचं पान ठेवायचं.

दसऱ्याला सभा भरली. म्हाताऱ्या साळिंदरानं काटे खडखडवून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हटलं, "ज्याचा त्यानं अनुभव सांगावा!"

वानर पुढे आला. "तीन राजांचा दरबार मी पाहिलाय. अगदी वरच्या फांदीवरून!"

मग कासव आलं, सावकाश, मान डोलवत. "बाळांनो, मी ऐंशी पावसाळे पाहिलेत. आणखी काय सांगू?" साऱ्या सभेनं "वा, आजोबा, वा!" केलं.

नीलगायीनं धीर केला. कळप गेल्यापासून ती पहिल्यांदाच चारचौघांत येऊन उभी राहिली. "मी सातच पावसाळे पाहिलेत," ती म्हणाली. "पण उन्हाळेही सात काढलेत. पाणी कुठं मिळत नाही, ते मला ठाऊक आहे."

"अगं ताई, उन्हाळे कोण मोजतं?" साळिंदर म्हणालं, आणि हशा पिकला.

मुलांनो, बाजारात साधं कलिंगड घेतानाही माणूस नुसता आकार बघत नाही, टिचकी मारून आवाज ऐकतो. इथं टिचकी मारायचं कुणाला सुचलं नाही. कासवापुढे पानांचा ढीग लागला. दोघाचौघांनी वानराला पानं दिली, आणि मागच्या रांगेतल्या सशानं तर भूक न आवरून आपलं मतच खाऊन टाकलं. नीलगायीपुढची जमीन कोरी राहिली. आपलं पान तिनं कासवापुढे ठेवलं आणि हळूच विचारलं, "आजोबा, उन्हाळ्यात तुम्ही कुठं असता?" पण जयजयकारात ते कुणाला ऐकू आलं नाही.

अक्षय्य तृतीया उजाडली. लांडगा मानेवरचे केस फुगवून पाणवठ्यावर हजर झाला. कासवाचा मात्र पत्ता नाही! शोधशोध शोधलं, आणि शेवटी साळिंदरानं एका आटलेल्या तळ्याचा वाळका गाळ उकरला. हातभर खोल कासव गाढ झोपलं होतं. "पाऊस आला का रे?" ते पुटपुटलं आणि मान पुन्हा आत घेतली. दर उन्हाळा ते असाच काढी. ऐंशी पावसाळे खरे होते. उन्हाळा त्यानं एकही पाहिला नव्हता. वानराला "आता तू तरी उभा राहा," म्हटलं, तर तो शेंड्यावर चढून म्हणाला, "मी इथूनच बघतो!"

लांडगा बिनविरोध निवडून आला. "आजपासून पाणी आमचं," तो म्हणाला.

तहानेनं सगळ्यांचे घसे सुकले. तेव्हा नीलगाय पुढे झाली आणि एवढंच म्हणाली, "चला." दोन दिवस सारे तिच्या मागे चालले. प्रत्येक कोरड्या ओढ्यापाशी ती म्हणे, "इथं नाही." एका ओढ्यापाशी मात्र ती थांबली, काठावरची पांढरी पडलेली हाडं हुंगली आणि पुढे निघाली. तिथून कोसभर अंतरावर खडकाखाली झरा होता.

सगळे पोटभर प्यायले. ती नेहमीसारखी मागे उभी होती. सशाचं लक्ष गेलं. ओठ पुसत तो म्हणाला, "ताई, तुला एवढं ठाऊक होतं, तर दसऱ्याला तू का नाही उभी राहिलीस?"

"उभी होते रे," नीलगाय म्हणाली. "तू पान खात होतास."

ससा खाली मान घालून बाजूला सरला. त्या जागेवर येऊन ती पाणी प्यायली.

तात्पर्य : कुणी किती वर्षं पाहिली ते मोजण्याआधी, त्या वर्षांतल्या कठीण दिवसांत तो जागा होता का, ते विचारावं.