मोडत्याचा पाट

एक होता राजा, आणि त्याला सगळं ठाऊक होतं. म्हणजे त्याला आपलं तसं वाटायचं, बरं का. नाव त्याचं हंबीर. मनाने अगदी लोणी. वाटेत एखादं पोर रडताना दिसलं, तर घोड्यावरून उतरून त्याचं नाक पुसायचा. पण समोरच्याचं बोलणं काही पुरं होऊ द्यायचा नाही. कुणी म्हणालं, "महाराज, आज..." की हा म्हणायचा, "मला ठाऊक आहे!" अरे बाबा, काय ठाऊक आहे? त्याने अजून सांगितलंय कुठे?

त्याच्या गावाच्या डोक्यावर होता डोंगर, आणि डोंगरावर निजलेली असायची घोराई. घोराई म्हणजे राक्षसीण. केवढी? आडवी पसरली की डोंगर दिसेनासा व्हायचा, एवढी. पण बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात. झोपायची आणि घोरायची, बस्स. तिच्या घोरण्याचा वारा गावात यायचा, त्यावर बायका धान्य उफणून घ्यायच्या.

आता त्या दरबारात एक जुनी चाल होती. मोठं काही ठरवायचं असलं की सिंहासनासमोर एक लाकडी पाट मांडायचा. त्याला म्हणायचे मोडत्याचा पाट. कुणीतरी त्यावर बसायचं आणि राजाच्या बोलण्याला मोडता घालायचा. पटत असलं तरी घालायचा! आणि राजाने रागवायचं नाही. पाट होता जादूचा. त्यावर बसून कुणी नुसती मान डोलवली, की लागलीच त्याला उचकी. उचक्! मोडता घातल्याशिवाय उचकी थांबायचीच नाही.

एकदा काय झालं, राजाने ठरवलं की हत्तीवर बसून जुन्या पुलावरून मिरवायचं. प्रधान पाटावर बसला. म्हणाला, "महाराज, त्या पुलाला हत्ती पेलायचा नाही." राजा म्हणाला, "मला ठाऊक आहे, पेलतो!" मग काय, पूल मोडला. हत्ती पाण्यात, राजा पाण्यात. हत्तीला बरंच वाटलं म्हणा, उन्हाळा होता. पण राजाने गाल फुगवले आणि कितीतरी दिवस प्रधानाशी बोलला नाही. चूक कुणाची, आणि रुसलं कोण बघा!

मग पुन्हा एकदा काय झालं, राजाला घोडे दौडवायला मैदान हवं झालं. म्हणाला, डोंगराखालची आमराई तोडू या. या खेपेला पाटावर बसायला कुणी पुढेच येईना. प्रधानाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं ना! सगळे म्हणाले, "वा महाराज, वा!" आमराई गेली. आणि तो पाट गेला मुदपाकखान्यात. त्यावर आचारी पापड लाटू लागला.

मग तिसऱ्यांदा जे झालं, ते मात्र साधं नव्हतं हं. पांघरूण घ्या नीट.

एके सकाळी जमीन हादरली. धडाम! फळीवरची भांडी खाली आली. पुन्हा धडाम! घोराई उठली होती आणि डोंगरावर पाय आपटत होती. गावाचं धाबं दणाणलं. राजा म्हणाला, "मला ठाऊक आहे! ती आपल्याला खायला येतेय. लढाई करायची!" सेनापती म्हणाला, "दुपारच्या आत जिंकू." जोशीबुवा म्हणाले, "तारे आपल्याच बाजूचे." प्रधान तर काय, आता होला हो. गावातली सगळी तरणी पोरं भाले घेऊन वाड्याच्या अंगणात उभी राहिली. त्यांच्या आया दारात उभ्या, पदर तोंडात धरून.

राणी हौसाई ओवाळायचं तबक घेऊन आली. पण निरांजन काही लावेना.

"पाट कुठाय?" ती म्हणाली. "पाट मांडल्याशिवाय मी ओवाळायची नाही."

न ओवाळता लढाईला कसं जायचं? पाट आणला. त्यावरचं पापडाचं पीठ झटकलं. पण बसणार कोण? सेनापती छताकडे बघू लागला. प्रधानाचे गुडघे दुखायला लागले. जोशीबुवांचा म्हणे उपास होता.

"मीच बसतो!" राजा वैतागून म्हणाला. मांडी घालून बसला आणि म्हणाला, "लढाई केलीच पाहिजे. उचक्! आपण जिंकणारच. उचक्! उचक्!"

मुकुट हलायला लागला. उचकी काही थांबेना. शेवटी राजा कसाबसा म्हणाला, "पण... ती पाय का आपटतेय, हे कुणी विचारलं का?"

उचकी थांबली.

राजा उठला, धावत सिंहासनावर जाऊन बसला. "विचारायचं काय? खायला येतेय!" मग उतरून पुन्हा पाटावर. "इतकी वर्षं वर आहे, कुणाला खाल्लं का तिने?" पुन्हा सिंहासनावर. "आपल्याकडे बाण आहेत!" पुन्हा पाटावर. "बाण टोचले, आणि ती लोळत गावावर आली तर?" राजाला धाप लागली. त्याने दाराबाहेर पाहिलं. या पोरांची नाकं त्यानेच पुसली होती, एकेकाची. मग तो हळूच म्हणाला, "आणि हंबीर, तुझं चुकलं, तर यांना परत कोण आणून देणार?"

सिंहासनावर जाऊन बोलावं असं काही त्याच्याकडे उरलंच नाही.

आता राणीने निरांजन लावलं. राजाने तलवार ठेवली, आणि निघाला एकटा डोंगराकडे. घोराईच्या अंगठ्यापाशी उभा राहून ओरडला, "बाई गं, झालं तरी काय?"

घोराई खाली वाकली. डोळे लाल, नाक लाल. हुंदका देत म्हणाली, "झोप येत नाही रे! खालच्या आमराईत कोकिळा गायच्या, त्या ऐकत मी निजायची. आमराई गेली, कोकिळा गेल्या. मग मी काय करू?"

राजाच्या अगदी ओठांवर आलं होतं, मला ठाऊक आहे. पण त्याने ते गिळलं. "मला ठाऊक नव्हतं गं," तो म्हणाला. "ती आमराई मीच तोडली. माझं चुकलं." आणि रडला, घळाघळा.

मग त्याने तिथेच बसून अंगाई म्हटली. आवाज कसला, फुटक्या घंगाळासारखा! घोराई आधी फिसकन हसली. मग तिने जांभई दिली. मग आडवी झाली, आणि घोरू लागली. गावात वारा आला, बायकांनी सुपं काढली, आणि पोरांनी भाले ठेवून कुदळी घेतल्या. मैदानभर आंब्याची रोपं लावली. ती मोठी होऊन कोकिळा येईपर्यंत राजा रोज संध्याकाळी अंगाई म्हणायला डोंगरावर जायचा.

आणि पाट? तो सिंहासनाला खेटून कायमचा मांडला. मोडता घालणाऱ्याला राजा स्वतःच्या हाताने पहिला लाडू द्यायचा. सगळे सुखात राहिले, घोराईसुद्धा.

चला, निजा आता. तुम्हाला झोप आलीय, मला ठाऊक आहे. उचक्! अगं बाई. बरं, विचारते. झोप आली का रे?

कुणीच बोलत नाही. मग आली असेल.